नगर आणि प्रादेशिक नियोजनात संशोधन कसं करावं? इंदुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवारी सकाळी राजेंद्र नगरच्या आमच्या घरी पोहे होईपर्यंत दोन-तीन विद्यार्थी आलेले असतातच. कुणी वास्तुकलेच्या शेवटच्या वर्षाला असतं, कुणी नियोजनात पदव्युत्तर करत असतं, कुणी भूगोलात पीएच.डी.ला नाव नोंदवलेलं असतं. शिवाय कॉलनीतले निवृत्त काका-काकू येतात. नाल्याकाठच्या बांधकामाची किंवा तोडलेल्या झाडांची माहिती नीट कशी गोळा करायची, हे त्यांना हवं असतं. फोनवरही तेच ते प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदा लिहून काढली. सोपे प्रश्न आधी आणि गुंत्याचे नंतर घेतले आहेत. एक गोष्ट दोनदा सांगावी लागू नये म्हणून प्रश्नांना क्रमांक दिले आहेत.

१. प्लॅन बनवणं आणि संशोधन करणं एकच ना?

नाही. ही जमीन निवासी, इथून रस्ता, तिथे बाग, असं योजना ठरवते. आज इथे काय आहे, ते असं का झालं, आणि आपण ठरवू त्याने कुणाचं काय होईल, हे संशोधन विचारतं. मध्य प्रदेशात १९७३च्या नगर तथा ग्राम निवेश अधिनियमाप्रमाणे विकास योजनेच्या, म्हणजे मास्टर प्लॅनच्या, आधी सध्याच्या जमीन-वापराचा नकाशा करावा लागतो. म्हणजे पाहणीला कायद्यानेच आधीचं पान दिलं आहे. पण ती पाहणी साचेबंद झाली, तर योजना कागदावर बरोबर आणि जागेवर चूक निघते. कागद आणि जागा यांतलं हे अंतर मोजणं, हेच मला या विषयातल्या संशोधनाचं मुख्य काम वाटतं.

२. विषय फार मोठा वाटतो. सुरुवात कुठून करू?

‘इंदूरची वाहतूक’ हा विषय नव्हे, ते शीर्षक झालं. सियागंजात माल उतरवणारे टेम्पो सकाळी दहा ते बारा या वेळात रस्त्याची किती रुंदी अडवतात, आणि गाडी दुसरीकडे लावायला चालक का तयार नसतात, हा विषय. इथे जागा ठरली, वेळ ठरली, काय मोजायचं आणि कुणाला विचारायचं तेही ठरलं.

माझी परीक्षा सोपी आहे. तुमच्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ आलं तर कोण काय वेगळं करेल, आणि ‘नाही’ आलं तर काय? दोन्ही वेळा कुणीच काही वेगळं करणार नसेल, तर प्रश्न अजून पिकलेला नाही. पुस्तकं वाचण्याआधी तीन दिवस त्या जागी वेगवेगळ्या वेळी नुसतं उभं राहा. प्रश्न तिथेच धारदार होतो.

३. सगळे पॅट्रिक गेडिस यांचं नाव घेतात. त्यांनी इंदुरात नेमकं केलं काय?

गेडिस (१८५४–१९३२) स्कॉटलंडचे, मूळचे जीवशास्त्रज्ञ. १९१४ मध्ये ते भारतात आले आणि पुढे मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र शिकवू लागले. होळकर दरबारासाठी त्यांनी इंदूरचा जो अहवाल लिहिला, तो १९१८ साली दोन खंडांत छापला गेला. शंभर वर्षं उलटून गेली तरी पद्धत शिकण्यासाठी मी विद्यार्थ्यांना तोच आधी हातात देते.

त्यांचं सूत्र डॉक्टरसारखं होतं: आधी तपासणी, मग निदान, मग उपचार. ते गल्लीबोळांतून पायी हिंडत. कुठली विहीर चालू आहे, कुठलं घर पडायला आलं आहे, झाडाखाली कोण बसतं, पाणी कुठे तुंबतं, हे बघत. त्या काळी दाट वस्ती सुधारायची म्हणजे मधून सरळ रुंद रस्ता काढायचा आणि वाटेत येतील ती घरं पाडायची, अशी रीत होती. गेडिस यांनी दुसरी वाट सुचवली. अगदी मोडकळीला आलेली मोजकी घरं काढा, तिथे छोटे चौक होऊ द्या, बोळ गरज असेल तिथेच रुंद करा, विहिरी आणि झाडं राखा. या वाटेने खर्च कमी येतो आणि कमी माणसं उठतात, हे त्यांनी दाखवून दिलं. त्यांनी या रीतीला जपून केलेली शस्त्रक्रिया म्हटलं. घराघरांतला फरक टिपल्याशिवाय ही शस्त्रक्रिया करताच येत नाही. म्हणजे उपचार हळुवार हवा असेल तर पाहणी बारीक असावी लागते.

दुसरी गोष्ट दिवाळीची. शहरात प्लेग होता आणि लोक या गोऱ्या साहेबाकडे संशयाने बघत होते, कारण नगररचना म्हणजे घरं पाडणं असाच अनुभव होता. गेडिस यांनी महाराजांकडून एका दिवसाचा कारभार मागून घेतला आणि जाहीर केलं की दिवाळीची मिरवणूक ठरलेल्या वाटेने जाणार नाही, ज्या भागातले लोक घरं आणि रस्ते सगळ्यांत जास्त स्वच्छ नि दुरुस्त करतील त्या भागातून जाईल. मग घरोघर झाडलोट नि रंगरंगोटी सुरू झाली, गाड्या भरभरून कचरा बाहेर निघाला. मिरवणुकीत प्लेगचा भलामोठा उंदीर होता, आणि पांढऱ्या स्वच्छ कपड्यांतले, नवे झाडू घेतलेले, हार घातलेले सफाई कामगार होते. लोकांना सोबत घेऊन करायच्या संशोधनाला आज ‘सहभागी कृती-संशोधन’ म्हणतात. त्याचं हे इंदूरमधलं उदाहरण आहे.

मात्र ते डोळे उघडे ठेवून वाचा. गेडिस दरबाराच्या निमंत्रणावरून आले होते आणि तो एक दिवस राजाज्ञेने मिळाला होता. वस्तीतल्या माणसाला ‘नको’ म्हणता येत होतं का, हा प्रश्न त्यांच्याही कामाला विचारायला हवा.

४. संख्यात्मक पद्धत घेऊ की गुणात्मक? मार्गदर्शक म्हणतात एकच निवड.

निवड तुमचा प्रश्न करतो. ‘किती घरांत एक दिवसाआड पाणी येतं’ याला मोजणी लागते. ‘नळ असूनही बाई हातपंपावर का जाते’ याला तिच्या शेजारी बसून बोलावं लागतं.

मधल्या पद्धतीही आहेत. अमेरिकी नियोजनकार केविन लिंच यांनी १९६० मध्ये बॉस्टन, जर्सी सिटी आणि लॉस एंजेलिस या शहरांतल्या लोकांच्या मनातला नकाशा अभ्यासला आणि वाटा, कडा, भाग, गाठी व खुणा असे त्याचे पाच घटक मांडले. मी एकदा भाजीवाल्या बायकांना आणि कॉलेजच्या मुलांना घरापासून राजवाड्यापर्यंतची वाट काढायला सांगितली. मुलांनी सिग्नल आणि मॉल काढले. एका मावशींनी तीन झाडं, एक प्याऊ (पाणपोई) आणि डोक्यावरची पाटी टेकवता येईल असा एक कठडा काढला. प्याऊ सरकारी नकाशात असू शकेल, कठडा कधीच नसतो. त्या दिवसापासून पायी चालणाऱ्यांच्या प्रत्येक पाहणीत मी ‘ओझं कुठे टेकवता’ हा प्रश्न घालते. बोलण्यातून रकाना सापडला आणि मग तो मोजता आला. दोन्ही पद्धती अशा एकमेकींच्या उपयोगी पडतात.

५. किती घरांचा सर्व्हे केला म्हणजे पुरतो? शहर वीस लाखांचं असेल तर वीस हजार घरं लागतील का?

नाही. टक्केवारीचा अंदाज करायचा असेल, ५ टक्के इकडेतिकडे चालणार असेल आणि ९५ टक्के खात्री हवी असेल, तर साध्या यादृच्छिक निवडीत (जिथे प्रत्येक घराला निवडलं जाण्याची सारखी संधी असते) सुमारे ३८४ घरं पुरतात. शहर दोन लाखांचं असो वा वीस लाखांचं, हा आकडा जवळजवळ तोच राहतो. मोहल्ला लहान असेल, समजा एकूण २,००० घरांचा, तर ३२२ घरांवर भागतं.

पण पुढच्या दोन गोष्टी विसरल्या जातात. तुम्हाला दोन भागांची तुलना करायची असेल, तर प्रत्येक भागात पुरेशी घरं हवीत. एकूण ३८४ मध्ये दोन्ही बसवता येत नाहीत. आणि सोयीसाठी एकाच गल्लीतली दहा-दहा घरं घेतली, तर शेजारी शेजाऱ्यासारखाच असल्यामुळे माहिती वाटते त्याहून कमी मिळते. अशा वेळी नमुना दीडपट-दुप्पट करावा लागतो.

आणि ३८४ घरं जिथे दार उघडलं तिथली घेतली असतील, तर हा हिशोब लागूच पडत नाही. यादी आधी, निवड नंतर, आणि बंद दारावर पुन्हा जाणं.

६. लोक दारच उघडत नाहीत, उघडलं तर खरं सांगत नाहीत. काय करावं?

लोक खोटं बोलतात असा माझा अनुभव नाही. आपण विचारतो भलतंच. सुरुवातीच्या एका पाहणीत माझ्या प्रश्नावलीत ‘पाणी नियमित येतं का?’ असं होतं, आणि जवळपास सगळ्यांनी ‘हो’ म्हटलं. एका घरी काकूंनी आत बोलावून मोरी दाखवली. निळं ड्रम, दोन स्टीलच्या टाक्या, तीन कळश्या, सात बादल्या, आणि वर फळीवर पातेल्यांची उतरंड. पाणी एक दिवसाआड पाऊण तास यायचं, पण नियमित यायचं. त्यांचं उत्तर खरं होतं, माझा प्रश्न आंधळा होता. त्यानंतर मी ‘शेवटचं पाणी कधी आलं, किती वाजता, किती वेळ, आणि काय काय भरलं’ असं विचारू लागले. सवयीबद्दल विचारू नका, कालच्या दिवसाबद्दल विचारा.

दार उघडण्यासाठी: दुपारी बारा ते चार जाऊ नका. जोडीने जा, त्यात एक मुलगी असू द्या. ओळखपत्र गळ्यात असू द्या, पण हातात सरकारी दिसणारी फाईल नको. माळवी किंवा हिंदी घरात आपलं पुस्तकी मराठी-हिंदी गुंडाळून ठेवा. तिथे ओट्याला ‘ओटला’ म्हणतात तर तोच शब्द वापरा. आणि ‘तुमचं काम होऊन जाईल’ असं चुकूनही म्हणू नका. पुढच्या दहा संशोधकांना त्या वाक्याची किंमत मोजावी लागते.

७. जमीन-वापराचा नकाशा करायचा आहे. दुकान, घर, शाळा असे रंग भरले की झालं ना?

सराफ्यात जाऊन बघा. विद्यार्थी असताना मी सकाळी अकराला तिथे पाहणी केली आणि सगळ्या पट्ट्याला ‘व्यापारी, दागिने’ असा एकच रंग दिला. नकाशा बरोबर होता, पण फक्त अकरा वाजताचा. रात्री शटर खाली येतं, सोनाराचा माणूस कुलूप ओढून बघतो, आणि त्याच पायरीवर दुसरा माणूस बर्नर मांडतो. थोड्याच वेळात तिथे भुट्ट्याच्या किसाची परात असते, समोर गराडू तळायला लागतात. पायरी तीच, धंदा दुसरा, पाण्याची नि कचऱ्याची गरज दुसरी, आगीचा धोकाही दुसरा. एका रंगाचा नकाशा बघून इथली गटार किंवा अग्निशमनाची सोय ठरवली, तर चुकेलच.

म्हणून जमीन-वापर टिपताना वेळेचा रकाना ठेवा: सकाळ, दुपार, रात्र, आणि हाटाचा किंवा सणाचा दिवस. वरच्या मजल्याचा रकाना वेगळा ठेवा. खजुरी बाजारासारख्या जुन्या भागात खाली दुकान, वर गोदाम, त्याच्यावर घर असं सापडतं. घरातल्या कामाचाही रकाना हवा. पापड, शिवणकाम, शिकवणी हे सगळं ‘निवासी’ रंगाखाली गडप होतं, आणि त्यात बहुतेक बायकांचं काम असतं.

८. इंदूरची हद्द कुठली धरू? महापालिकेची, मास्टर प्लॅनची की जनगणनेची?

सगळ्यांत जास्त प्रबंध इथे घसरतात.

महापालिकेची हद्द प्रशासनाची असते. विकास योजनेचं नियोजन क्षेत्र तिच्याहून मोठं असतं, कारण उद्या वाढणारी गावं त्यात धरलेली असतात. जनगणना ‘नागरी समूह’ मोजते, म्हणजे शहर आणि त्याला चिकटून वाढलेला शहरी भाग. २०११च्या जनगणनेत महापालिकेची लोकसंख्या सुमारे १९.६ लाख होती. त्यानंतर आजूबाजूची २९ गावं महापालिकेत आली आणि वॉर्ड ६९ वरून ८५ झाले. आता कुणी २०११चा आकडा आणि आजचा आकडा शेजारी ठेवून ‘शहर इतकं वाढलं’ म्हणालं, तर त्यातली किती वाढ माणसांची आणि किती रेषेची, ते कळत नाही. तुलना करायची तर आजच्या हद्दीतली गावं २०११च्या आकड्यातही मिळवून घ्या.

याच्या पुढे जाऊन, हद्द प्रश्नाप्रमाणे बदलते. पाण्याचा प्रश्न असेल तर इंदूरची हद्द सुमारे ७० किलोमीटरवर, मंडलेश्वराजवळ जलूदला आहे. १९७८ पासून नर्मदेचं पाणी तिथून विंध्याचा चढ चढून इथे येतं. सांडपाण्याचा प्रश्न असेल तर हद्द उत्तरेला उज्जैनपर्यंत जाते. आपली खान नदी, जिला कान्हही म्हणतात, वाटेत सरस्वतीला घेते आणि पुढे क्षिप्रेला मिळते. इंदुरात नाल्यात सोडलेलं पाणी उज्जैनच्या सिंहस्थात स्नान करणाऱ्याच्या प्रश्नात येतं, म्हणून तर कान्हचं पाणी वळवण्याच्या योजना कराव्या लागल्या. रोजगाराचा प्रश्न असेल तर कारखान्यांचं पीथमपूर आत घ्यावंच लागतं. ते धार जिल्ह्यात आहे, पण पहाटे तिकडे जाणाऱ्या बसगाड्या जिल्ह्याची सीमा बघून थांबत नाहीत.

गेडिस (प्रश्न ३) डोंगरापासून समुद्रापर्यंतच्या नदीखोऱ्याचा छेद काढून शहराकडे बघत. नर्मदेवर तहान भागवणारं आणि क्षिप्रेकडे वाहणारं इंदूर दोन खोऱ्यांत पाय ठेवून आहे. प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात कुठली हद्द धरली आणि का, एवढा एक परिच्छेद प्रामाणिकपणे लिहा.

९. प्रादेशिक नियोजनातलं संशोधन म्हणजे मोठ्या शहराचाच अभ्यास का?

नाही. तिथे शहरांमधली, आणि शहर व गाव यांच्यातली ये-जा अभ्यासतात. जर्मन भूगोलतज्ज्ञ वॉल्टर क्रिस्टालर यांनी १९३३ मध्ये दक्षिण जर्मनीवरून मांडलं की रोजच्या गरजेची ठिकाणं जवळजवळ आणि क्वचितच्या गरजेची लांब लांब असतात, आणि त्यातून गावांची उतरंड बनते. ही मांडणी तपासायला माळवा उत्तम आहे. देपालपूर भागातला शेतकरी मिरची-मसाल्याला कुठल्या हाटात जातो, ट्रॅक्टरच्या सुट्या भागाला कुठे, आणि इंदूरच्या मोठ्या सरकारी एमवाय हॉस्पिटलसाठी कधी, हे पन्नास घरांत विचारा. नकाशावर रेघा ओढल्यात की प्रदेश डोळ्यांसमोर येतो. क्रिस्टालर यांनी प्रत्येक ठिकाणाचं क्षेत्र षटकोनी कल्पिलं होतं. ते षटकोन इथे नीट जुळणार नाहीत, आणि का जुळत नाहीत हाच अभ्यास.

१०. आकडे मिळवायचे कुठून? जनगणना तर २०११ची आहे.

२०२१ची जनगणना झाली नाही. पुढचीची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ जाहीर झाली आहे. तोवर २०११ हा पाया धरून इतर खुणांनी तपासा: मतदार यादी, वीज जोडण्या, मालमत्ता कराची खाती, शाळांचा पट. यातला एकही आकडा लोकसंख्या सांगत नाही, पण चार खुणा एकाच दिशेला बोट दाखवत असतील तर अंदाज धरायला हरकत नाही. जमिनीसाठी खसरा (जमिनीच्या तुकड्यांची सरकारी नोंद) आणि नक्शा बघा. न मिळणाऱ्या कागदासाठी माहितीचा अधिकार आहे. उत्तराची मुदत ३० दिवस. ‘सर्व माहिती द्यावी’ असं लिहू नका. कुठलं वर्ष, कुठला वॉर्ड, कुठली नोंदवही ते लिहा.

उपग्रहचित्रं फुकट मिळतात. लँडसॅटची १९७२ पासूनची आहेत, सेंटिनेल-२ ची २०१५ पासूनची. मात्र सेंटिनेलचा एक ठिपका १० मीटर बाय १० मीटर, म्हणजे सुमारे १,०७६ चौरस फुटांचा. आपल्याकडचा पंधरा बाय पन्नासचा प्लॉट ७५० चौरस फुटांचा. म्हणजे अख्खं घर एका ठिपक्याहून लहान. शहर कुठल्या दिशेला पसरलं ते या चित्रात दिसेल, कुठल्या घरावर मजला चढला ते दिसणार नाही.

११. मास्टर प्लॅनमध्ये बाग आहे, जागेवर घरं आहेत. माझ्या नकाशात काय दाखवू?

दोन्ही, दोन वेगळ्या थरांत. ‘प्रस्तावित’ आणि ‘प्रत्यक्ष’ हे दोन थर एकमेकांवर ठेवले की जिथे ते जुळत नाहीत ते तुकडे उठून दिसतात. मग प्रत्येक तुकड्याचा इतिहास काढायचा. घरं योजनेच्या आधीची होती का? कॉलनायझरने (कॉलनी पाडून विकणाऱ्याने) प्लॉट पाडून नोटरीवर विकले का? डायव्हर्शन, म्हणजे शेतजमिनीचा वापर बदलण्याची परवानगी, झालं होतं का? बागेसाठीची जमीन कधी ताब्यातच घेतली गेली नाही, असं झालं का? ‘अतिक्रमण’ हा शब्द या चौकशीच्या शेवटी यावा. सुरुवातीलाच लिहिला तर निकाल आधी आणि पुरावा नंतर, अशी गत होते.

सध्या आपल्याकडे ही अडचण आणखी बोचते. २००८ साली लागू झालेल्या विकास योजनेचं लक्ष्यवर्ष २०२१ होतं आणि ते मागे पडलं. योजनेचा किती भाग प्रत्यक्षात उतरला, रस्ते किती झाले, बागा किती झाल्या, याचं प्रभागवार मोजमाप कुठल्याही विद्यार्थ्याला एका सत्रात करता येईल. असे दहा प्रबंध झाले तर शहराला फार मोठी मदत होईल, हे मी मनापासून सांगते.

१२. एखादी योजना यशस्वी झाली की फसली, हे कसं ठरवायचं? उदाहरणार्थ बीआरटीएस, म्हणजे बससाठी राखीव पट्ट्याची योजना.

आधी विचारा: कशाच्या तुलनेत? ‘आधी आणि नंतर’ एवढंच बघितलं तर मधल्या काळात वाढलेल्या गाड्या, नवे पूल, बदललेल्या शाळा-कचेऱ्या सगळं योजनेच्या माथी येतं. म्हणून शक्य असेल तिथे योजना नसलेला, पण बाकी बाबतींत सारखा दुसरा रस्ता घ्यावा आणि दोन्हीकडचा बदल तुलनेत मांडावा.

एबी रोडवरचा सुमारे साडेअकरा किलोमीटरचा बीआरटीएस २०१३ मध्ये सुरू झाला आणि २०२५ मध्ये तो काढायचं ठरलं. वाद बहुतेक ‘किती गाड्या अडकतात’ यावर झाला. संशोधकाने माणसं मोजावीत. मानून चला की बसच्या पट्ट्यातून तासाला ४० बस जातात आणि प्रत्येकीत ५० माणसं आहेत, म्हणजे २,००० माणसं. शेजारच्या पट्ट्यातून ८०० कार गेल्या आणि प्रत्येकीत सरासरी दीड माणूस धरला, तर १,२००. बसचा पट्टा मोकळा दिसतो आणि जास्त माणसं नेतो. तुमच्या चौकातला खरा आकडा यापेक्षा वेगळा निघेल. तो स्वतः मोजा. शिवाय चौक ओलांडायला म्हाताऱ्या माणसाला लागणारा वेळ आणि अपघात यांचीही नोंद हवी, कारण फक्त माणसं नेण्याचा वेग बघितला तर तीही एकांगी पाहणी होते.

कधी तपासायचं, हेही महत्त्वाचं. १९८९ पासून इंदुरात अभियंते हिमांशु पारीख यांच्या कल्पनेवर मोठं काम झालं. बहुतेक झोपडवस्त्या नदी-नाल्यांच्या उतारावर असतात, मग त्याच उतारावरून सांडपाण्याच्या वाहिन्या न्याव्यात आणि वस्त्या शहराला जोडाव्यात, असा तो विचार होता. त्याला १९९८ मध्ये वास्तुकलेचा आगाखान पुरस्कार मिळाला. पुढच्या अभ्यासकांनी घरोघरी बघितलं तर बऱ्याच घरांनी वाहिनीला जोडणीच घेतली नव्हती, पाणी अपुरं होतं, देखभाल थकली होती. वाहिनी किती किलोमीटर टाकली, हा एक आकडा. किती मोऱ्यांचं पाणी तिच्यात पडतं, हा दुसरा. मला दुसरा जास्त पटतो, आणि तो पाच-दहा वर्षांनी पुन्हा घ्यावा लागतो.

१३. एकाच वस्तीचा अभ्यास करून सगळ्या शहराबद्दल बोलता येतं का?

टक्केवारी सांगता येत नाही, त्यासाठी प्रश्न ५. पण एखादी गोष्ट कशी घडते, ते सांगता येतं. १९८०च्या दशकात अहमदाबादच्या वास्तुशिल्प फाउंडेशनने कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठासोबत इंदूरमधल्या गरीब वस्त्यांची बारकाईने मोजणी केली. ओटे किती खोल, पायऱ्या कुठे, झाडाखाली काय चालतं, घरापुढच्या जागेत कोण काम करतं, हे सगळं रेखाटलं. मोजक्याच वस्त्या, पण फुटपट्टीने. वास्तुकार बाळकृष्ण दोशी यांच्या इंदूरमधल्या अरण्य वसाहतीमागे अशा निरीक्षणांचं बळ होतं. तिथे तयार घर देण्यापेक्षा प्लॉट, जोतं आणि सोयी देऊन घर कुटुंबाला वाढवू दिलं. त्या कामाला १९९५ मध्ये आगाखान पुरस्कार मिळाला. आज अरण्यात जाऊन ‘कुटुंबांनी घर कसं वाढवलं’ हे टिपणं हा स्वतंत्र, सुंदर विषय आहे.

१४. वॉर्डात साक्षरता जास्त आणि कचरा वर्गीकरणही जास्त. म्हणजे शिकलेली माणसंच कचरा वेगळा करतात, असं लिहू?

लिहू नका. वॉर्डाची सरासरी ही वॉर्डाची, माणसाची नव्हे. कदाचित त्या वॉर्डात गाडी वेळेवर येते म्हणून सगळेच कचरा वेगळा करत असतील. ही चूक अमेरिकी समाजशास्त्रज्ञ डब्ल्यू. एस. रॉबिन्सन यांनी १९५० मध्येच दाखवली होती. शिवाय वॉर्डाच्या रेषा बदलल्या (प्रश्न ८) की संबंधही बदलू शकतो. वॉर्डावर, मग मोहल्ल्यावर, असं दोन पातळ्यांवर गणित करून बघा; निष्कर्ष टिकला नाही तर तसं लिहा.

१५. अवैध कॉलनीत किंवा नाल्याकाठी पाहणी केली. घरांचा नकाशा प्रबंधात छापू का?

घर ओळखू येईल असा नकाशा छापू नका. तुमच्या प्रबंधातला नकाशा उद्या नोटिशीला जोडला जाऊ शकतो, हे गृहीत धरूनच काम करा. नावं आणि फोन वेगळ्या वहीत, घरांना सांकेतिक क्रमांक, नकाशावर फक्त गल्लीपर्यंतची माहिती. संमती घेताना ‘कॉलेजचं काम आहे’ एवढं पुरत नाही. कागद कुठे जाईल ते सांगा, आणि मधूनच ‘आमचं नाव काढा’ म्हटलं तर काढा. पुराच्या धोक्यासारखी, लोकांच्या हिताची गोष्ट सापडली, तर ती आधी वस्तीला सांगा.

१६. काहीच फरक सापडला नाही. प्रबंध फुकट गेला का?

मुळीच नाही. पद्धत नीट असेल तर ‘फरक दिसला नाही’ हाही निष्कर्ष आहे, आणि पुढच्याचे सहा महिने वाचतात. फक्त आकडे फिरवून फरक ‘काढू’ नका.

१७. सगळं संपल्यावर प्रश्नावल्या आणि वह्यांचं काय करू? आणि अहवाल मराठीत लिहिला तर चालेल का?

विद्यापीठ मागेल त्या भाषेत प्रबंध द्या. त्याखेरीज चार पानांचा सारांश ज्यांना प्रश्न विचारले त्यांच्या भाषेत लिहा, आणि तिथे जाऊन वाचून दाखवा. चुका तिथेच कळतात. एकदा मी एका बोळाला ‘वापरात नसलेला’ म्हटलं होतं. वाचून दाखवताना एक आजी म्हणाल्या, ‘अगं, आमच्या गल्लीतली प्रत्येक तिरडी त्याच बोळातून निघते, बाकीच्या वळणावर ती फिरत नाही.’ दुसऱ्या दिवशी टेप घेऊन गेले. बोळाची रुंदी साडेपाच फूट होती, आणि वळण नव्हतं.

कच्च्या वह्या टाकू नका. कुठल्या तारखेला, कुणी, कुठे उभं राहून मोजलं, हे पहिल्या पानावर लिहून कॉलेजच्या ग्रंथालयात द्या. नावांची वही मात्र वेगळी काढून नष्ट करा (प्रश्न १५). माझ्याकडे एका रस्त्यावरच्या झाडांची वीस वर्षांपूर्वीची यादी आहे: जात, घेर, कुठल्या घरासमोर. मागच्या पावसाळ्यात दोन मुली ती घेऊन त्याच रस्त्याने गेल्या आणि उरलेल्या झाडांचा घेर पुन्हा मोजून आल्या.